राणीचा काटा

राणीच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या खडीच्या ट्रकच्या, डॅशबोर्डवर पाच मीटर होते. वेगाचा मेला होता. चार्जिंगचाही मेला होता. ऑइलचा लहरी होता. गाडी खड्ड्यात आदळली की जागा व्हायचा आणि पुढच्या खड्ड्यात पुन्हा झोपी जायचा. राहिले दोन, डिझेलचा आणि इंजिनातल्या पाण्याच्या उष्णतेचा. हे दोन तेवढे चालू होते आणि दोन्ही कायम वरच असायचे. मागे एकदा टाकी कोरडी पडून गाडी रस्त्यात उभी राहिली, तेव्हाही काटा पाव टाकी दाखवत होता. धाकटा कॅन घेऊन आला आणि हसून म्हणाला, "दादाच्या टाकीतलं डिझेल संपतच नाही बघ." घरी सगळे हसले. थोरला हसला नाही.

उष्णतेच्या काट्याला मात्र कुणी हसत नव्हतं. खडी भरून चढाला लागलं की तो सरकत सरकत लाल पट्ट्यात जायचा.

काळीच्या, म्हणजे धाकट्याच्या ट्रकच्या, डॅशबोर्डवर चारच मीटर होते. पाचव्याच्या जागी भोक होतं आणि त्यात धाकटा कंगवा खोचून ठेवायचा. चारांतला उष्णतेचा एकच चालायचा, पण तो कसा, तर भरल्या गाडीनं चढ चढतानाही काटा मध्यावर, पाळण्यातल्या पोरासारखा शांत.

दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातल्या, एका वर्षाच्या अंतरानं निघालेल्या. आबांनी जन्मभर त्या चालवल्या आणि गुडघे गेल्यावर दोघा मुलांना देऊन टाकल्या. थोरला म्हणून पहिली निवड त्याची. त्यानं दोन्हींभोवती फेरी मारली, टायरांना लाथ मारून पाहिली, सीटवर बसून पाहिलं. राणीला नवा रंग दिलेला होता, काचा खालीवर होत होत्या. काळीचं डावं दार दोरीनं बांधावं लागायचं. त्यानं राणीची चावी उचलली. धाकटा म्हणाला, "मला काय, कुठलीही चालेल."

हे 'कुठलीही चालेल' थोरल्याच्या घशात तेव्हापासून काट्यासारखं अडकलं होतं. धाकट्यानं हट्ट केला असता, तोंड पाडलं असतं, तर बरं झालं असतं.

खाण खाली होती आणि पुलाचं काम वर. मधे चढाचा रस्ता, वळणावळणाचा, धुळीचा. उन्हाळ्यानं खाणीतलं पाणी आटलं तसं कामही आटलं. मुकादमानं एका सकाळी दोघांना बोलावलं. तोंडातला दात कोरत तो म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून मला एकच गाडी पुरे. कुठली ते तुमचं तुम्ही घरात ठरवा. मी भावाभावांत पडत नाही." मग थोरल्याकडे न बघता म्हणाला, "वेळेवर वर पोचणारी असली म्हणजे झालं."

घरात ठरवायचं म्हणजे आबा ठरवणार. आणि एक गाडी गेली की तिचा ड्रायव्हर दुसऱ्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसणार, हे कुणी बोललं नव्हतं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

*

निम्म्या चढावर एक सपाट जागा होती. तिथं थोरला प्रत्येक खेपेला थांबायचा. काटा लाल पट्ट्यात शिरला की त्याचा पाठीवरचा शर्ट सीटच्या रेक्झिनला चिकटायचा आणि पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून सुटायचा. इंजिन मंद चालत ठेवून तो बॉनेट उघडायचा आणि सावलीला उकिडवा बसायचा. जरा वेळानं आत डोकावून पाहिलं की काटा खाली आलेला असायचा. म्हणजे थांबणं बरोबरच होतं.

खालून काळीचा आवाज आला. तो आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता. भरल्या गाडीचा, एका लयीतला, कुठंही न अडखळणारा. धाकट्यानं वळण घेतलं, हॉर्न दोनदा वाजवला, खिडकीतून हात काढला आणि दोरीला बांधलेला पाण्याचा कॅन कडेला अलगद सोडला. गाडी पूर्ण थांबवलीसुद्धा नाही.

"तापली का रे दादा?"

"तुला काय करायचंय? तू जा."

"कॅन ठेवलाय. येताना नेतो."

काळीची धूळ राणीच्या उघड्या बॉनेटवर बसली. थोरल्यानं कॅनकडे पाहिलं. पाणी गार होतं, वर बारदान ओलं करून गुंडाळलेलं. एवढी काळजी. त्याला ते पाणी लाथेनं कलंडून द्यावंसं वाटलं. त्यानं ते प्यायलं, कारण घसा सुकला होता, आणि प्यायल्यावर अजून राग आला.

रेडिएटरमध्ये घालायला मात्र त्यातलं पाणी कधीच लागायचं नाही. रेडिएटर भरलेलाच असायचा. हे त्यानं मिस्त्रीला सांगितलं होतं.

मिस्त्रीनं राणीवर दोन वर्षांत बरंच काम केलं होतं. रेडिएटर सोडवून साफ केला, पाण्याचा पंप बदलला, पंख्याचा पट्टा बदलला. काटा होता तिथंच. शेवटी त्यानं थर्मोस्टॅटच काढून टाकला. ही बशीएवढीही नसलेली झडप. पाणी नीट तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरते. मिस्त्रीनं ती हातात नाचवली. "ही नसली की पाणी सरळ फिरेल. आता तापली तर माझं नाव बदल."

काटा तरीही चढला. मिस्त्रीनं नाव बदललं नाही.

"पण पाणी कधी उकळलेलं नाही रे," थोरला म्हणाला होता. "वाफ नाही, गळती नाही."

"कसं उकळेल? तू आधीच थांबतोस ना."

थोरल्यानं बॉनेट खाली ओढलं. थांबत होता हे खरं होतं.

*

आबा संध्याकाळी ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसायचे. त्यांच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा गुळगुळीत पट्टा होता. तरुणपणी तापल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं, त्याची खूण.

"ऐंशी ते पंचाण्णव," ते म्हणत. किती वेळा म्हणाले असतील त्याला मोजदाद नाही. "त्यात इंजिन सुखी. शंभराच्या पुढं गेलं की जीव जातो. सत्तरच्या खाली राहिलं तर जीव जात नाही, पण ते गारठलेलं असतं. डिझेल खातं, पांढरं धुरकटतं, ओढ घेत नाही. माणसासारखंच."

"राणी ओढ घेत नाही," धाकटा म्हणाला. "पांढरं धुरकटते पण."

"ती तापून ओढ घेत नाही," थोरला म्हणाला.

"मी कुठं काय म्हणतोय?"

"म्हणतोयस ना. रोज म्हणतोयस. हॉर्न वाजवून म्हणतोयस."

धाकट्यानं आबांकडे पाहिलं. आबांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. आतून थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, भांडी विसळत होती. तिचा हात थांबला. ती दुधाच्या डेअरीत कामाला होती. दूध तापवायचं, ठरलेल्या अंशावर धरायचं आणि पुन्हा निववायचं. तिच्या खिशात लोखंडी नळीत घातलेला काचेचा थर्मामीटर असायचा. डेअरीतला, पण बाकीच्यांनी दोन फोडल्यावर तिनं हा स्वतःपाशीच ठेवला होता.

"एक माणूस रोज पाणी ठेवून जातो," ती रात्रीचं अंथरूण घालताना म्हणाली, "आणि एक माणूस ते पिऊन त्याच्यावरच चिडतो."

"तुला त्याचंच खरं वाटतं."

"मला झोप येतीय."

*

थोरल्याच्या डोक्यात एक गोष्ट शिरली होती आणि ती बाहेर निघत नव्हती. एवढी जुनी गाडी, तोच चढ, तेवढीच खडी, आणि काटा हलत नाही? मग तो काटाच खोटा असणार. काळीही तापत असणार. मीटर मेलेला मध्यावर अडकलाय, आणि धाकटा आपला त्याच्या भरवशावर शिट्टी वाजवत वर जातोय. कुणीतरी हे दाखवून दिलं पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे राणीचा काटा.

दुपारी धाकटा मुकादमाकडे चहाला गेला तेव्हा थोरला स्क्रूड्रायव्हर घेऊन काळीत चढला. कंगव्याच्या भोकातून हात आत घातला. मागे दोन नट, दोन वायरी. मीटर हातात आला तेव्हा गरम होता, नुसत्या उन्हानं. काचेवर मध्याच्या जवळ लाल रंगाचा बारीक डाग होता. त्यानं नखानं खरवडून पाहिलं, निघाला नाही, सोडून दिलं. राणीतला मीटर काढून त्यानं काळीत बसवला आणि काळीतला राणीत. नट घट्ट पिळले. वायरी जोडताना तो पुटपुटला, "आता चढ म्हणावं."

खडी भरून झाली. त्यानं काळीला पुढं जाऊ दिलं. "तू हो पुढं, मी येतो."

धाकट्यानं भुवया उंचावल्या, पण गेला.

थोरला मागोमाग निघाला. त्याचा एक डोळा रस्त्यावर होता आणि एक धाकट्याकडून आणलेल्या मीटरवर. पहिलं वळण, काटा मध्यावर. त्याच्या मनात कसलीशी गोड उकळी फुटली. दुसरं वळण. काटा मध्यावरून उठला. तिसऱ्या वळणापाशी तो लाल पट्ट्यात होता, नेहमी असायचा तिथंच, केसभरही इकडेतिकडे नाही.

तो सपाट जागेवर थांबला. वर पाहिलं. काळी दोन वळणं पुढं गेली होती आणि थांबली नव्हती. धाकट्यापुढं राणीचा मीटर होता, दोन वर्षं लाल पट्ट्यात राहिलेला, आणि धाकटा थांबला नव्हता.

थोरला सावलीत बसला. आज कडेला कॅनही नव्हता.

*

रात्री सगळे जेवायला बसले. धाकट्याची मुलगी त्याच्या मांडीवर होती. धाकट्यानं दोन घास खाल्ले, पाणी प्यायलं आणि ताटाकडे बघत म्हणाला, "दादा, माझा मीटर परत दे."

थोरल्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"त्याच्यावर हिनं आईच्या नेलपॉलिशनं ठिपका काढलाय. काटा इथंच राहिला तर बाबा घरी वेळेवर, असं म्हणते. आज संध्याकाळी गाडीत बसली आणि रडायला लागली, ठिपका कुठाय म्हणून."

"मी काढला होता," मुलगी म्हणाली.

थोरल्याचा घास हातातच राहिला. कानाच्या पाळ्या तापल्या.

"मागितला असतास तर दिला असता की," धाकटा म्हणाला.

एवढंच म्हणाला. त्याला ओरडता आलं असतं. दोन शिव्या देता आल्या असत्या. थोरल्यानंही दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. हा मात्र शांतपणे मुलीला भरवत राहिला. धाकटीनं, त्याच्या बायकोनं, भाताचं पातेलं थोरल्यापुढं सरकवलं. "घ्या ना भावजी." तेही त्याला टोचलं.

आबांनी विचारलं, "माझ्या लक्षात आलं ते बरोबर का? तू मीटर अदलाबदल केलास?"

"हो."

"आणि राणीत त्याचा मीटर काय म्हणाला?"

थोरल्यानं ताटातलं मीठ बोटानं सरकवलं.

"विचारतोय मी."

"लाल."

"आणि काळीत तुझा?"

"मध्यावर होता आबा," धाकटा हळूच म्हणाला. "मला कळलंच नाही आधी."

आबांनी हात धुतले, पंच्याला पुसले. "म्हणजे दोन्ही मीटर खरे. दोष गाडीत. तूच सिद्ध केलंस ते, बरं झालं. उद्या दुपारी भंगारवाल्याला बोलावतो. सकाळची एक खेप मारून ये, भरलेली खडी तशी ठेवू नये. मग राणीला इथं आणून उभी कर." ते उठताना भिंतीला धरून उठले. "तू धाकट्याबरोबर बसत जा. काळीचं दार आता बसवून घेऊ."

*

सकाळी थोरल्यानं दोन्ही मीटर जागच्या जागी परत बसवले. मग थोरली डेअरीला जायला निघाली. डेअरी चढाच्या वर होती. रोज ती चालत जायची. आज राणीत चढून बसली. थोरल्यानं गिअर टाकला.

खाणीच्या तोंडाशी दगड फोडायचं यंत्र चालू होतं आणि धुळीनं पुढचं काही दिसत नव्हतं. त्यानं मोठे दिवे लावले. धुळीतून बाहेर पडल्यावर बंद केले. पुढच्या वळणावर समोरून आलेल्या ट्रॅक्टरनं पुन्हा धूळ उडवली. पुन्हा दिवे लावले.

थोरली डॅशबोर्डकडे बघत होती. "तुमचा काटा खाली आला."

"चढ कमी झाला असेल."

"चढ तसाच आहे." ती थोडी पुढं सरकली. "दिवे बंद करा बरं."

"कशाला?"

"करा तर."

त्यानं केले. काटा सावकाश वर गेला.

"लावा."

काटा सावकाश खाली आला.

"आणि डिझेलचा पण," ती म्हणाली. "दोन्ही बरोबर उतरतात, बरोबर चढतात. दिवे लावल्यावर पाणी गार होतं का हो? आमच्या डेअरीत तर होत नाही. का काट्यांना जास्तीची वीज मिळते, ती दिवे ओढून घेतात?"

"तुला गाडीतलं काय कळतंय?"

"काही नाही. म्हणून विचारलं."

तिनं खिशातली लोखंडी नळी काढली आणि मांडीवर ठेवली. थोरल्यानं ती पाहिली. मग नजर पुन्हा काट्यावर नेली. काटा खरा असेल तर राणी वाईट होती, नशीब वाईट होतं, निवड चुकली होती. यातलं सगळं सोसण्यासारखं होतं. काटा खोटा निघाला तर मग दोन वर्षं तो सावलीत कशासाठी बसला होता?

"झाकण उघडायचं नाही," तो म्हणाला. "भाजशील. आबांचा हात बघितलायस ना."

"तुम्ही उघडा. मी लांब उभी राहते."

सपाट जागा आली. काटा लाल पट्ट्यात होता. थोरल्यानं गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं. मागोमाग काळी वर आली. धाकट्यानं हॉर्न वाजवला नाही. वहिनीला खाली उतरलेली पाहून त्यानं गाडी कडेला घेतली आणि कॅन घेऊन उतरला.

"काय झालं वहिनी?"

"पाणी मोजायचंय."

धाकट्यानं नळीकडे पाहिलं, मग भावाकडे. "दादाचा विश्वास बसायचा नाही. म्हणेल हाही बिघडलाय. आधी माझं मोज, माझा काटा ठिपक्यावर आहे."

थोरल्याला तेच म्हणायचं होतं. भावानं ते आधी म्हटलं म्हणून तो गप्प राहिला.

धाकट्यानं काळीच्या झाकणावर ओलं बारदान टाकलं, तोंड दुसरीकडे वळवलं आणि झाकण थोडंसंच फिरवलं. फस्स करून वाफ सुटली. सगळे मागं सरले. वाफ संपेपर्यंत तो थांबला, मग झाकण पूर्ण काढलं. थोरलीनं थर्मामीटरला सुतळी बांधून आत सोडला, डेअरीत धरते तसा धीरानं धरला आणि बाहेर काढून डोळ्यांसमोर आडवा नेला.

"अठ्ठ्याऐंशी."

"सुखी," धाकटा म्हणाला. आबांच्या आवाजात म्हणाला. कुणी हसलं नाही.

आता राणी. धाकटा बारदान घेऊन पुढं आला. थोरल्यानं ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. "माझी गाडी आहे."

त्यानं बारदान झाकणावर टाकलं. आतून वाफेनं फुत्कार टाकावा, हात भाजला तरी चालेल, धाकट्याच्या देखत उकळतं पाणी बाहेर यावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं डोळे मिटले, तोंड वळवलं आणि झाकण फिरवलं.

आवाज आला नाही.

त्यानं अजून फिरवलं. झाकण सहज निघून हातात आलं. बारदान त्यानं उगीचच घट्ट धरून ठेवलं होतं. इंजिन चालूच होतं. केबिनमध्ये काटा आत्ता कुठं लाल पट्ट्यातून खाली सरकत होता, आणि भोकातून खालचं पाणी फिरताना दिसत होतं, स्वच्छ, काठोकाठ.

थोरलीनं थर्मामीटर पुसला आणि सुतळीनं आत सोडला. धाकटा कॅन हातात धरून उभा राहिला. तिनं मघापेक्षा जास्त वेळ धरला. बाहेर काढला, पाहिलं, पुन्हा आत सोडला आणि पुन्हा पाहिलं. मग नवऱ्यापुढं धरला.

लाल रेघ अडुसष्टवर होती.